सातवं कलम

"बाजूने सत्तावीस," ओपलने चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला. "विरोधात चौदा. दोन तृतीयांशाला एक कमी. पडला ठराव."

डेल्मरने टोपी गुडघ्यावर उलटी ठेवली, मग सुलटी. ठराव त्याचाच होता : एकट्यांच्या क्लबातल्या कुणी लग्न केलं तरी त्याचं नाव कमी करू नये. निवृत्तांच्या या वसाहतीत लाकूडकामापासून दगड घासण्यापर्यंत त्र्याऐंशी क्लब होते. पण गुरुवारची पंगत, शनिवारचा नाच आणि सहलीची बस या क्लबासारखी दुसरीकडे नव्हती. आणि सातवं कलम कडक होतं : लग्नाच्या दिवसापासून सभासदत्व बंद. ते लिहिलं होतं लुएलाने. नऊ वर्षं अध्यक्षही तीच.

सहा आठवड्यांपूर्वी डेल्मरने तिला लग्नाचं विचारलं होतं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "सातवं कलम आहे," एवढंच म्हणाली. हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

"बरंच झालं," ओपल म्हणाली. "दोन नवरे पोचवले, तेव्हा कुठे मला इथली खुर्ची मिळाली. इथे बायका पस्तीस, पुरुष सात. त्यातल्या दोघांचे गुडघे बदललेले. उरलेले जोडीने फिरायला लागले तर आम्ही नाचायचं कुणाशी, खुर्चीशी?"

"थांबा," मागून वेंडेल उठला. गुडघे बदललेल्यांपैकी एक. "अध्यक्षीणबाईंचं मत राहिलंय. एका मताने निकाल फिरत असेल तर त्यांना देता येतं."

ओपलने एका चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब केला. "बेचाळिसात अठ्ठावीस. बसतंय की गं!"

सगळे लुएलाकडे वळले. नियमांची वही तिला तोंडपाठ होती, तरी तिने चष्मा लावला आणि पान शोधलं.

"अकरावं कलम. ज्याचा स्वार्थ गुंतलाय, त्याने त्या ठरावावर मत द्यायचं नाही."

"अगं, तुझा कसला आलाय स्वार्थ?" ओपल हसली.

लुएलाने चष्मा काढला. डेल्मरकडे बघितलं नाही.

"आहे," ती म्हणाली.

डेल्मरची टोपी खाली पडली. चौतीस बायकांनी आधी टोपीकडे पाहिलं, मग डेल्मरकडे.

"ठराव नामंजूर," लुएलाने लाकडी हातोडी आपटली.

"मेल्या, तू होय!" ओपल डेल्मरवर ओरडली. "आणि मी मूर्ख, गेल्या शनिवारी तुझ्यासाठी दोन नाच राखून ठेवले!" मग पेन उचलून ती लुएलाकडे वळली. "म्हणजे तुझं नाव कमी करायचं ना? कोणत्या तारखेपासून लिहू?"

"कलम नीट वाच. लग्नाच्या दिवसापासून." लुएलाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "तळ्यावरची सहल चौदाला आहे. बसच्या यादीत माझं नाव आहे. डेल्मर, तुझंही आहे ना?"

डेल्मरने मान डोलावली. मग वाकून टोपी उचलली.

"मग पंधरा लिही."