जाळीपलीकडे

"फादर, इथं सांगितलेलं बाहेर जात नाही ना?"

जाळीपलीकडून बाईचा आवाज आला आणि ब्रदर इनास जागच्या जागी आखडले. पडदा गुडघ्यापर्यंतच होता. टायरच्या तळव्यांच्या चपला त्यांनी घाईनं आत ओढल्या. ज्या खुर्चीत ते बसले होते ती त्यांची नव्हती. पापनिवेदनाचं ते लाकडी खोपटं रविवारी महाडहून येणाऱ्या फादरांचं. एक्केचाळीस वर्षं ब्रदरांनी त्याची धूळ पुसली, पण आत कधी टेकले नाहीत. आज टेकले, कारण पोलादपूरजवळच्या त्या शाळेत म्हाताऱ्या माणसाला कुणाच्या नजरेस न पडता रडायला दुसरी जागा नव्हती.

वसतिगृहातला ओम काल गेला. सहावीतला. आणखी अकरा मुलं महाडच्या दवाखान्यात होती, त्यातली दोघं डोळे उघडत नव्हती. पाण्यातून पोटात काहीतरी गेलं, एवढंच कळलं होतं. "नेमकं काय ते समजलं तर उपाय करता येईल," डॉक्टर म्हणाले होते, "नाहीतर आम्ही नुसते चाचपडतोय." पाण्याची बाटली तपासायला मुंबईला गेली होती. अहवालाला चार दिवस.

पाणी शुद्ध करायला टाकीत टीसीएल पावडर टाकायचं काम ब्रदरांचं. सकाळी स्वयंपाकीण गीताबाई भांडी घासता घासता शेजारणीला म्हणाली, आणि त्यांना ऐकू जाईल असंच म्हणाली, "फादरला आता दिसत नाय गो. ओतली असंल डबा भरून." तेव्हापासून ब्रदर एकच आठवत होते. चार चमचे टाकले होते, की जास्त?

उठून बाहेर जायला हवं होतं. पण असा रडका चेहरा घेऊन? शिवाय फादर कोण आणि ब्रदर कोण, हे गावाला सांगून सांगून त्यांची जीभ झिजली होती. दर जूनला पाचवीच्या पहिल्या तासाला ते सांगत, "फादर मिस्सा करतात, पापं ऐकतात आणि ऐकलेलं मरेपर्यंत पोटात ठेवतात. मी ब्रदर. मी घंटा देतो, गणित शिकवतो आणि तुमच्या खोड्या तुमच्या घरी जाऊन सांगतो." मुलं खदखदून हसत आणि तास संपला की एका सुरात म्हणत, "थँक्यू, फादर!"

"फादर?"

"बोल," ते म्हणाले. एवढंच.

"माझा नवरा, अक्षय, टँकर चालवतो. एमआयडीसीतला. वाया गेलेला माल कुठंही ओत, पण परत आणू नको, असं मालकानं सांगितलंय. शुक्रवारी पहाटे त्यानं वरच्या वळणावर सगळा टँकर वहाळात सोडला. तुमच्या टाकीची नळी त्याच वहाळातून येते."

पावडर नव्हती. ब्रदरांची छाती क्षणभर हलकी झाली आणि त्या हलकेपणाची त्यांना किळस आली.

"तुला कसं कळलं?"

"त्याचे कपडे मी धुते. हात भाजले माझे. खिशात चलन होतं, त्यावर मालाचं नाव होतं. बीएस्सी झालेय मी, फादर. वाचता येतं."

तिनं ते नाव सांगितलं. लांबलचक, इंग्रजी. मग पुन्हा सांगितलं, तुकडे पाडून, सावकाश, मुलांना शुद्धलेखन घालावं तसं. मग न विचारताच टँकरचा नंबरही सांगितला.

"पोलिसांकडे का नाही गेलीस?"

"सासूबाईंनी माझ्या लेकीच्या, दिशाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला मला. पाच वर्षांची आहे हो ती. म्हणाल्या, पोलीस नाही, डॉक्टर नाही, शेजारीपाजारी नाही. सांगायचंच असलं तर देवाला सांग." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "आणि अक्षय म्हणाला, एक अक्षर बाहेर गेलं तर पोरगी परत दिसायची नाही तुला."

ब्रदरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. एका बाजूला दवाखान्यातली अकरा मुलं. दुसऱ्या बाजूला ही एक पोर, आणि देव समजून त्यांच्यापुढं गुडघे टेकलेली तिची आई. 'बोल' म्हणाले तेव्हाच त्यांनी तिला फसवलं होतं.

त्यांनी पडदा सारला.

ओळखली त्यांनी. निशा. बारा-पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसायची. दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"पोरी, मी फादर नाही," ते म्हणाले. "मी इथं बसायलाच नको होतं. पाप माझं आहे. पण ऐकलेलं पोटात ठेवायचा अधिकार मला नाही. मला हे सांगावं लागेल. आत्ता. आधी डॉक्टरांना, मग पोलिसांना."

ती किंचाळेल, पाय धरेल, म्हणून ते थांबले. ती उठली. साडीला लागलेली धूळ तिनं मनगटानं झटकली. दाराबाहेर पायरीवर तिची मुलगी दोन फुगलेल्या पिशव्यांना टेकून बसली होती. फाटकाशी वीर स्टेशनला जाणारी रिक्षा चालूच होती.

"माफ कर मला," ब्रदर म्हणाले.

निशानं मुलीला कडेवर घेतलं, पिशव्या कोपरात अडकवल्या आणि त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"पडद्याखाली चपला दिसत होत्या तुमच्या," ती म्हणाली. "मालाचं नाव नीट लक्षात राहिलंय ना, ब्रदर?"