डावा कौल

डावीकडची पाकळी आधी पडली.

माई बघतच राहिली. देवळात ती आणि गणपत गुरव, दोघंच. गणपतनं गाऱ्हाणं अगदी रीतसर घातलं होतं. "बा देवा म्हाराजा, भाईंच्या काळजाचा डॉक्टरांनी जा काय सांगल्यानी हा, ता करूचा आसात तर उजवो कौल दी." मग देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. या गावात सून म्हणून आल्यापासून माईनं देवाला विचारल्याशिवाय साधा गोठासुद्धा बांधू दिला नव्हता.

"ह्या भाईंका सांगू नको हां," ती म्हणाली.

गणपतनं डोकं खाजवलं. "देवळातला देवळात ऱ्हवता, माई."

माईच्या नवऱ्याचं, भाईंचं, काळीज वर्षभर वाकड्यात शिरलं होतं. वरचे कप्पे नुसते थरथरतात, म्हणून ठोके वाटेल तसे पडतात, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गोळ्या झाल्या, शॉक देऊन झाला. ठोका चार दिवस सरळ चालायचा, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. जामसंड्याच्या शाळेत उभ्यानं हयात घालवलेला मास्तर, आता विहिरीपासून पडवीपर्यंत येताना मध्ये बसायचा. मांडीच्या शिरेतून काळजापर्यंत तार न्यायची आणि जिथून ही थरथर सुटते तिथं डाग द्यायचा, एवढाच उपाय उरला होता. भाई तयारही झाले होते, तारीख ठरली होती. आणि कालपासून अचानक 'नको' म्हणून बसले. का, तर नको म्हणजे नको. देवानं होकार दिला तर तरी ऐकतील, म्हणून माई देवळात आली होती.

ती घरी आली तेव्हा भाई पडवीतच होते. "खंय गेल्लंस?"

"देवाक इचारूक. उजवो कौल दिल्यान," माई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती देवाच्या नावानं खोटं बोलली, आणि तेही एका दमात.

भाई तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मगे बॅग भर."

मुलीनं, नम्रतानं, त्यांना कोल्हापूरला नेलं. तार गेली, डाग दिले, भाई आपल्या पायांनी चालत घरी आले. पहिले दोन-तीन महिने ठोका मधूनमधून बिघडेल, त्यावरून काही ठरत नाही, घाबरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण डॉक्टरांनी घाबरू नका म्हटलं म्हणून घाबरायची थांबली, अशी बायको अजून जन्माला यायची आहे.

पंधरवड्यानं भाई दुपारचे जेवून उठले आणि छातीवर हात ठेवून खांबाला टेकले. फडफड पुन्हा सुरू झाली होती. नम्रतानं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हे होणारच होतं, गोळ्या चालू ठेवा, चक्कर आली तर मात्र लगेच या. नम्रता निश्चिंत झाली.

माईला खरं कारण ठाऊक होतं. खोटं बोलली ती, आणि देव वसूल करत होता भाईंच्या छातीतून. स्वतःला काहीही झालं असतं तरी तिनं सोसलं असतं, पण हे तिला सोसेना. ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिला रडूच फुटलं.

"माझ्यामुळा झाला ह्या. कौल उजवो नव्हतो. डावी पाकळी पडलेली. मी तुमका खोटा सांगलंय."

भाईंनी आधी तिला पाणी प्यायला लावलं.

"माका म्हायत होता."

"गणपतान सांगल्यान?"

"तेका कित्याक नाव ठेवतंस? तुझ्या आदल्या दिसा मीच जावन इचारलेलंय. माकाय डावोच दिल्यान. म्हणान तर नको म्हणी होतंय. आणि एका रातीत आपलो शब्द फिरवूक देव काय पुढारी आसा?"

माई रडायची थांबली. पदरानं डोळे पुसत तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "कौल डावो म्हायत आसताना तुमी गेलास कित्याक?"

"गो, आख्खो जल्म तू देवाक भियान काढलंस," भाई म्हणाले. "आणि माझ्यासाठी तेच्याच नावान खोटा बोललंस. मगे मी एक तार घालून घेवक नको?"