दहापैकी दोन

बुशरा मॅडमनी अंबिकाला टेबलावर उताणं झोपवलं, तिचं डोकं दोन्ही तळहातांत घेतलं आणि विचारलं, "दुखणं दहापैकी किती?"

अंबिकानं छताकडं बघितलं. जिन्यात चपलांचा नुसता धिंगाणा चालला होता. लातुरातल्या या इमारतीत खाली फिजिक्स, मधे बायोलॉजी आणि सगळ्यात वर मणक्याचा दवाखाना.

"दोन," ती हळूच म्हणाली.

तिची मुलगी शिवकन्या कोपऱ्यातल्या स्टुलावर फाईल घेऊन बसली होती. चार वर्षं दोघी लातुरात खोली करून राहत होत्या, मुलीनं शिकायचं, आईनं डबा करायचा. या चार वर्षांत कुठल्याही दवाखान्यात शिवकन्या आतपर्यंत आली ती आजच. एरवी आईबरोबर आत बाबा जायचे आणि ही बाहेर बाकावर प्रश्नसंच सोडवत बसायची. आज बाबा आले नव्हते. गावाकडून, मुरुडहून, फोनवर एवढंच म्हणाले, "हे शेवटचं. इथंबी काय निघालं न्हाई, तर दुखणं तिच्या डोक्यातलंय म्हणायचं आन् गप बसायचं."

"दोनच?" मॅडम हसल्या. त्यांचे आजोबा याच गल्लीत लोकांची हाडं बसवायचे. मॅडम मात्र बेंगळुरूला जाऊन कायरोप्रॅक्टिक शिकून आल्या होत्या, आणि तो शब्द बोर्डावर मावत नव्हता. "मग एवढ्या फाईली कशाला नाचवता, अंबिकाताई? मान सैल सोडा. एकदा कट् वाजेल. घाबरायचं नाही."

शिवकन्यानं फाईल उघडली. नांदेडचे डॉक्टर: २/१०, सौम्य. लातूरचे: २/१०. सोलापूरचे: ३/१०, गोळ्या चालू ठेवा. रक्त नॉर्मल, शुगर नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. इतकी नॉर्मल आई अख्ख्या बॅचमधे कुणाची नसेल!

पण दोन?

"आई, सकाळी तुझ्या हातातून कणकेची परात पडली," ती म्हणाली. "मानेपासून करंगळीपर्यंत करंट गेला म्हणालीस. भिंतीकडं तोंड करून रडलीस. मी बघितलंय."

"ए, गप. मॅडमम्होरं काय काढालीस."

"मग दोन कसे?"

"म्हणून तर दोन दिले!" अंबिका वैतागली. "परवा हात जरा बरा होता, तवा पाच दिले असते. आज हात कामातून गेलाय. आता ह्याला काय नऊ मार्क देऊ?"



शिवकन्यानं फाईलीतले आकडे पुन्हा बघितले. त्यांच्या घरात आकडा म्हणजे मार्क. जास्त आले तर पेढे, कमी आले तर मान खाली. आई प्रत्येक डॉक्टरसमोर मान खाली घालून खरं तेच सांगत आली होती. दोन.

मॅडमनी मानेखालचे हात अलगद काढून घेतले.

"या अल्ला," त्या पुटपुटल्या. "मी आत्ता मान फिरवणार होते."

त्यांनी अंबिकाला उठवून बसवलं. आपली बोटं पुढं केली. "दाबा. जोरात." उजव्या हातानं अंबिकानं अशी दाबली, की मॅडमच्या तोंडून आवाज निघाला. डाव्या हातातून मॅडमनी बोटं सहज सोडवून घेतली. मग कोपरावर हातोडी मारून बघितली, करंगळीला टाचणी टोचून बघितली. अंबिकाला टाचणी कळली नाही.

"ताई, आज मी तुमच्या मानेला हात लावत नाही. आधी मानेचा एमआरआय. नांदेडला नसांचे एक डॉक्टर आहेत, त्यांना चिठ्ठी देते. मला नस दबल्यासारखी वाटते, नक्की काय ते ते सांगतील."

"म्हंजे," अंबिकानं विचारलं, "खरंच दुखालंय?"

"ते मला काय विचारता?"

"न्हाई, कुणाला दिसंनाच ना मॅडम. मग मलाबी वाटाया लागलं, आपलंच काय तरी चुकालंय."

शिवकन्या स्टुलावरून उठलीच. "मी बाबांना फोन लावते. आत्ताच्या आत्ता लावते. डोक्यातलंय म्हणे!"

"थांब गं पोरी, चिठ्ठीवर आकडा टाकू दे." मॅडमनी पेन उघडलं. "ताई, हे मार्क उलटे असतात. काहीच दुखत नाही, तर शून्य. ज्याच्यापुढं दुखणंच नाही, ते दहा. आता सांगा. आज किती?"

"दहा लिहा मॅडम, दहा!" शिवकन्या म्हणाली.

अंबिकानं डावा हात मांडीवर घेतला. उजव्या हातानं करंगळी चोळत राहिली. शिवकन्याला स्वतःचा पेपर तपासायलासुद्धा एवढा वेळ लागत नसे.

"नऊ."

"आई! आता तरी पुरते दे की. एक कशाला कापतीस?"

"दहा न्हाई." अंबिकाचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ किती टाकलं ते सांगावं तसा. "भूकंपात आमची केवळाक्का भिंतीखाली होती. माझी मोठी बहीण. तवा मी चौथीत. दगडं काढाया माणसं येईपस्तोर दुपार झाली. तवर मी हितं, आन् तिचा आवाज तितनं."

मॅडमचं पेन कागदावर थांबलं होतं.

"नऊ लिहा, मॅडम," अंबिका म्हणाली. "दहा अक्काचे."