आलापातला खोकला

जुन्या मैफिलीच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐन आलापात कुणीतरी खोकलं होतं. दातांच्या डॉक्टरांनी सगळा रविवार खपून, किडका दात काढावा तसा तो खोकला अलगद उपटला आणि जुनं-नवं दोन्ही श्रोत्यांच्या ग्रुपवर टाकलं. "फरक ऐका! त्या मेल्याला तेव्हाच हॉलबाहेर काढायला हवं होतं."

ग्रुपवर टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. नवंच ठेवा, असं सगळ्यांचं मत पडलं. डॉक्टरांनी खूश होऊन जुनं काढून टाकलं.

तेवढ्यात, गेल्या वर्षी वारलेल्या त्यांच्या मित्राच्या नंबरवरून वहिनींचा मेसेज आला.



"भाऊजी, तो खोकला यांचा होता. जुनं पुन्हा पाठवाल का? यांचा तेवढाच आवाज उरलाय."