आमच्या घरात नाही

"पोगैयिलै," डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या. तंबाखू. "बाळंतिणीच्या लघवीत सापडली. पोर दिवस भरायच्या आधी आलं, दीड किलोचं, ते त्यानंच. खरं सांगा, नाहीतर दुधातूनही तेच जाईल."

"आमच्या घरात नाही," हेमावती म्हणाली. "तंजावर सोडून इथं चेन्नईत, आवडीला आलो, पण आमच्या बाप्यांनीसुद्धा कधी विडी ओढली नाही. ह्या सुनेलाच विचारा. पुण्याची आहे. गिंडीच्या ऑफिसात पोरांबरोबर चहाला खाली जाते."

निधी पलंगावर उठून बसली. "आई, लग्नाआधी दोनदा सिगारेट ओढली होती. नंतर कधीच नाही. शपथ!"

"तोंड खोटं बोलेल गं. मूत बोलत नाही."

वेंकटनं बायकोकडे पाहिलंच नाही. "टाके निघाले की पुण्याला जा," तो म्हणाला. "एकटी. बाळ इथंच राहील."

निधी भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवी झाली.

हेमावती जिंकली होती. तरी दोन दिवस ती बाळांच्या काचेच्या खोलीबाहेर एकटीच बसून होती. बाकीच्या बाळांना आज्या होत्या, आत्या होत्या, डबे येत होते. तिच्या बाकावर कुणी टेकत नव्हतं. वेंकट यायचा, तोही उभ्या उभ्या बघून जायचा.

आज गडबडीत दात घासायचेही राहिले होते. डोकं ठणकत होतं, हात थरथरत होते. काचेपलीकडे नातीचे इवलेसे हातही तसेच थरथरत होते.

हेमावतीनं कनवटीची डबी काढली. काळी पूड बोटावर घेऊन हिरड्यांना लावली. जिवाला बरं वाटलं.

"काय ते, अम्मा?" नर्स हरिप्रिया थांबली.

"पल्पोडी गं. दात घासायची. आमचे तुळजाजी भावजी सोलापूरहून आणतात. लहानपणापासून हीच." कुणीतरी दोन शब्द बोललं म्हणून हेमावतीची जीभ सैल सुटली. "आणि ही सून! हिच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. तुमच्या गोळ्यांनी काय झालं? ओकारी थांबली ती ह्या चिमटीनं. सहा महिने सकाळ-संध्याकाळ माझ्या हातानं हिरड्यांना लावली. पुढे पुढे तर स्वतःच मागायची. एवढं कोण करतं सुनेचं?"

हरिप्रियानं डबी हातात घेतली, नाकाशी नेली.

"अम्मा," ती हळूच म्हणाली, "पोगैयिलै."