सहावी बशी

आर्मिंदाच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी, नाताळच्या आदल्या दुपारी, शेजारच्या म्हाताऱ्या तिया पिएदादने बशीवरचा रुमाल बाजूला केला आणि वरची करंजीसारखी नेवरी उचलली. समोर उभ्या असलेल्या आर्मिंदाने ती ओळखली.

नेवरीच्या कडेला मुरड होती. गावातल्या बायका आता कडा कातण्याने कापत. हाताने मुरड घालणारी एकच बाई उरली होती, आणि ती समोर बसली होती.

चूक कशी झाली ते आर्मिंदाला उभ्या उभ्याच कळलं. मुलीच्या सासरी पाठवायचं हे पहिलं ताट. मडगावच्या व्याह्यांचं ताट भरता भरता घरच्या नेवऱ्या, दोदोलच्या वड्या, सगळं संपलं. मग शेजारून आलेल्या बश्या ती नुसता रुमाल बदलून पुढे पाठवत राहिली. कुणाचं काही चाखलंही नाही. सकाळी तिया पिएदाद काठी टेकत स्वतः बशी घेऊन आली होती. तिला ‘बसा’ म्हणायलाही आर्मिंदाला सवड झाली नाही. ‘ठेवते हं, तिया,’ म्हणत तिने दार लोटलं होतं. आता तीच बशी, वर आपला विणलेला रुमाल घालून, तिने तियाच्याच हातात दिली होती.

तियाची नजर जाऊन दोन वर्षं झाली होती. तिची बोटं मुरडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. मग बशीच्या कडेवर आली आणि जराशी थांबली.

“बाय, ही मुरड कुणी घातली गं?”

खरं सांगून टाकावं असं आर्मिंदाला वाटलं. तोंडातून निघालं भलतंच. “मीच, तिया. तुमचं बघून बघून.”

“अगं बाई! तुझी पहिली नेवरी कढईत फुटली होती. तुझी सासू गावभर सांगत सुटली होती!” म्हातारी हसली. “म्हणजे माझा हात माझ्याबरोबर जायचा नाही तर.”

आर्मिंदाचे कान तापले. घरी नऊ बश्या झाकायच्या होत्या, येशूजन्माचा गोठा मांडायचा होता. इथून पळावं असं तिला वाटलं. पण पळालं तर पुन्हा या दारात तोंड दाखवता येणार नाही, हेही कळत होतं.

“नीट जमत नाही, तिया. एकदा दाखवाल?”

“आत्ता? आणि व्याही?”

“त्यांचं ताट गेलं.”

“मग बस. उभ्याने मुरड येत नाही.”

परातीत सकाळचं पीठ झाकून ठेवलेलं होतं. म्हातारीने आर्मिंदाचा अंगठा आपल्या हातात धरला. “दाब. दुमड. पुढे हो. अगं, पुढे हो म्हटलं, पळ नाही म्हटलं!”

चार बिघडल्या. पाचवी जमली. तियाने बशीतली एक नेवरी तिच्या तोंडाशी धरली. तीन दिवसांत आर्मिंदाने चाखलेलं हे पहिलं गोड. खोबरं ताजं होतं. घरी सगळं तसंच पडलं होतं आणि तरी तिला उठावंसं वाटेना.

ती निघाली तेव्हा तियाने उरलेल्या नेवऱ्या डब्यात भरल्या. रुमालाची घडी करून आर्मिंदाच्या हातात दिली. बशी मात्र दिली नाही. ती पुसून तिया चाचपडत कपाटाशी गेली. तिथे तशाच निळ्या काठाच्या पाच बश्या होत्या. सहावी तिने त्यांच्यावर ठेवली.

“कड फुटलीय हिची,” ती म्हणाली. “जपावी लागते.”

पुढच्या नाताळला आर्मिंदाच्या घरी कढई चढली नाही. गोडधोड करत नाहीत ते दुखवट्याच्या घरी. म्हणून शेजारणी बश्या घेऊन आल्या आणि दारातूनच हळू आवाजात विचारू लागल्या, “घरातलं कोण गेलं गं?” आर्मिंदाने एकेकीला आत बोलावून बसवलं.

तिया पिएदाद १९ डिसेंबर १९८७ रोजी वारली होती.