हवेवरचं टेबल

प्रयोगाच्या खोलीचं जाड दार बाहेरून बंद झालं तेव्हा ती आतच होती, शेवटच्या आरशावरची धूळ टिपत. पंखा थांबला. दिवे गेले. आरशांवरचा लेसरचा तांबडा ठिपका तेवढा उरला. नवऱ्याने बाहेरून प्रकाशाची मोजणी सुरू केली होती.

तिने दार ठोठावलं, हाका मारल्या. पण बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दोघांनी मिळूनच या भिंती बुचाच्या जाड थरांनी मढवल्या होत्या. आतला तरी बाहेर कसा जाणार? आतली कडी खडखडते म्हणून त्याने ती काढून टाकली होती. फोन बाहेर. पाय आपटूनही उपयोग नव्हता. आरशांचं टेबल हवा भरलेल्या पायांवर तरंगत होतं. रस्त्यावरून मालट्रक गेला तरी टेबलाला पत्ता लागत नसे.

एकच मार्ग होता. टेबलाला हात लावायचा. बाहेरच्या पडद्यावरची मोजणीची रेघ उसळली असती आणि तो धावत आला असता. पण मोजणीही मातीत गेली असती. या मोजणीपायी त्याला दोन वर्षं अन्न गोड लागलं नव्हतं. "तुमच्या घरात शिंकायचं झालं तरी अर्ज करावा लागतो," असं नणंद म्हणायची, आणि ही हसून सोडून द्यायची.

ती कोपऱ्यात सरकली. अंगाची ऊब आरशांपर्यंत पोचली तरी सगळं बिघडणार, म्हणून गुडघे पोटाशी घेऊन बसली. श्वाससुद्धा जपून घेऊ लागली. आपण घरी गेलो असंच त्याला वाटत असणार, बिचाऱ्याला काय कल्पना, असं मनाला समजावत राहिली. हवा कोंदट झाली. घशाला कोरड पडली, कानशिलं ठणकू लागली. अखेर डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा ती जिवाच्या करारावर उठली, चाचपडत गेली आणि दोन्ही तळवे टेबलावर टेकवले.

दार लगेच उघडलं. तो समोरच उभा होता.

"चुकलंच माझं," ती धापा टाकत म्हणाली. "पण तुम्हाला कळवायला दुसरा मार्गच नव्हता."

"कळलं होतं गं," तो हळहळत म्हणाला. "त्या कोपऱ्यातलं तापमान चढायला लागलं तेव्हाच कळलं, तू आत आहेस. पण इतकी शहाण्यासारखी बसली होतीस, म्हटलं मोजणी होऊन जाऊ दे."